दारातून आत आल्यावर डाव्या हाताला

इस्टेट एजंट बाई असू शकते, हे डोंबिवलीच्या पचनी पडायला बराच काळ जावा लागला. ऑफिसात शिरलेला माणूस आधी माझ्याकडे बघायचा, मग माझ्या पाठीमागे आणखी कोणी बसलंय का ते बघायचा आणि विचारायचा, "साहेब कधी येतील?" मी सांगायचे, "साहेब कारखान्यात गेलेत, संध्याकाळी येतील. पण त्यांना यातलं काही कळत नाही. तुम्हाला वन बीएचके हवाय की टू?" मग तो बिचारा खुर्चीच्या टोकावर बसायचा. साहेब म्हणजे माझा नवरा. तो एमआयडीसीत नोकरीला होता आणि त्याला स्वतःच्या घराचा कार्पेट एरियासुद्धा ठाऊक नव्हता.

मी या धंद्यात आले ती तळमजल्यावर राहत होते म्हणून. आमच्या बिल्डिंगमधले एकजण बदली होऊन गेले आणि जाताना म्हणाले, "वहिनी, कोणी घर बघायला आलं तर जरा दाखवाल का?" मी दाखवायला लागले. लोक विचारतील ते सांगायचे. पाणी सकाळी येतं, गच्चीवर पापड वाळत घालता येतात, समोरच्यांचा मुलगा तबला शिकतोय आणि अजून बराच शिकायचा आहे. घर विकलं गेलं. त्यांनी मला साडी पाठवली आणि त्यांच्या मेव्हण्यानं त्याचं घर विकायला माझ्याकडे दिलं. पुढे आमच्या भागातल्या एका जुन्या आगरी कुटुंबातल्या काकांनी त्यांचा रिकामा गाळा मला ऑफिससाठी दिला. मी भाड्याचं विचारलं तर म्हणाले, "भाऱ्याचा नंतर बगू गो. आदी बोरड लाव." त्यांच्या त्या शब्दावर माझा बोर्ड लागला. ते आता नाहीत, पण त्या गाळ्यापुढून गेले की अजूनही मी मनातल्या मनात नमस्कार करते.

आता निवृत्त झाले आहे. पण ओळखीतल्या कुणाच्या मुलानं घर घ्यायचं ठरवलं की फोन येतो. "काकू, एजंट कसा निवडायचा? सगळे सारखंच बोलतात हो." खरं आहे, सारखंच बोलतात. मीही बोलायचे. हवेशीर, भरपूर उजेड, स्टेशनपासून चालत, सोसायटी एकदम फॅमिलीवाली. ही वाक्यं आमच्या तोंडात इतकी बसलेली असतात की घर न बघताही म्हणता येतात.

एजंट म्हणजे घर दाखवणारा, असं लोकांना वाटतं. घर वॉचमनही दाखवतो. आमचं काम त्यानंतर सुरू होतं. विकणाऱ्याला वाटत असतं आपण फसून स्वस्तात देतोय, घेणाऱ्याला वाटत असतं आपला जन्म यात जाणार. अशा दोन घाबरलेल्या माणसांना एका टेबलाशी आणून बसवायचं, कागद वकिलाकडून बघून घ्यायचे, सोसायटीशी बोलायचं, आणि सगळं होईपर्यंत दोघांनाही चहा पाजत राहायचं. त्यातही पहिलं घर घेणारा लगेच ओळखू येतो. तो भिंतीला हात लावतो आणि विचारतो, "इथे खिळा मारता येईल ना?" आयुष्यभर भाड्यानं राहिलेल्या माणसाला भिंतीत खिळा मारायचा असतो. ठाण्यातल्या गजबजलेल्या टेंभी नाक्यावर वाढलेला एक नवरामुलगा होता. बायकोला शांतता हवी म्हणून त्याला मी टिटवाळ्याला घर घेऊन दिलं, तर पहिल्या आठवड्यातच त्याचा फोन: "काकू, इथे इतकं शांत आहे की मला झोपच येत नाही." त्याला म्हटलं, पंखा मोठा कर. आता त्याला दोन मुलं आहेत, आवाजाची काही कमतरता राहिलेली नाही.

तर, एजंट कसा निवडावा, हे मला स्वतःला एका गिऱ्हाइकानं शिकवलं. तिचं नाव वृंदा.

एका दुपारी फोन आला. आवाज तरुण मुलीचा, स्पष्ट.

"तुमच्याकडे डोंबिवली पूर्वेला वन बीएचके आहेत का?"

"आहेत की."

"त्यातला एक मला फोनवर सांगा."

मी सुरू केलं. "मॅडम, एकदम हवेशीर आहे, स्टेशनपासून चालत..."

"असं नको," ती म्हणाली. "दारातून आत आल्यावर डाव्या हाताला काय आहे?"

असं मला कोणी विचारलं नव्हतं. तो फ्लॅट मी आदल्याच दिवशी बघून आले होते, म्हणून आठवून आठवून सांगायला लागले. "डाव्या हाताला चपलांचं कपाट आहे. पण त्याचं दार पूर्ण उघडत नाही, मुख्य दाराला आपटतं. पुढे हॉल. हॉलमध्ये शिरताना लादीला जरासा उंचवटा आहे, नवा माणूस तिथे ठेचकाळतोच, मीही ठेचकाळले. खिडकी समोर आहे, खाली रिक्षा स्टँड आहे. सकाळी हॉर्न वाजतात."

"वाजू देत. मग?"

"मग स्वयंपाकघर उजवीकडे. ओटा बुटका आहे. मालकीणबाई बुटक्या होत्या."

ती हसली. म्हणाली, "बऱ्याच एजंटना फोन केला मी. डावीकडे काय विचारलं की काही जण फोनच ठेवतात. एकजण म्हणाला, मॅडम, डावीकडे काय नि उजवीकडे काय, एकदा येऊन बघून घ्या ना. म्हटलं, अहो, तेवढंच तर जमत नाही. मला दिसत नाही. लहानपणापासून."

ती सरावानं पुढे बोलत होती. ठाण्याला बँकेत नोकरीला होती, कल्याणला भाऊ-वहिनीकडे राहत होती आणि स्वतःचं, एकटीनं राहायचं घर शोधत होती.

"अजून एक विचारते," ती म्हणाली. "माझ्याबरोबर माझा दादा येईल. तुम्ही माझ्याशी बोलाल की त्याच्याशी?"

"घर कोण घेतंय?"

"मी."

"मग तुमच्याशी."

"ठीक आहे. रविवारी येते."

रविवारी दोघं आली. वृंदा तिशी ओलांडलेली, ठसठशीत, हातात पांढरी काठी. भाऊ मिलिंद तिच्याहून मोठा, उंच, थोडा वाकलेला. सतत तिच्याकडे लक्ष देऊन मानेला तो बाक आला असावा असं मला तेव्हा उगीच वाटलं. जिना आला की तो "पायरी" म्हणायचा, आणि ती "हो दादा" म्हणायची. तिचं पाऊल तो बोलायच्या आधीच उचललेलं असायचं.

पहिलं घर मी त्यांना ठाण्याला दाखवलं, तिच्या बँकेपासून जवळ पडेल म्हणून. मोठं संकुल, नवंकोरं घर. आमचा धंदा किती डोळ्यांवर चालतो ते मला त्या दिवशी कळलं. बिल्डरच्या नमुन्याच्या घरात भिंतभर आरसा असतो, त्यानं खोली दुप्पट वाटते. पलंग मुद्दाम छोटा करून घेतलेला असतो. पिवळे दिवे असतात. वृंदा आत शिरली, हॉलच्या मध्ये उभी राहिली आणि एक टाळी वाजवली.

"लहान आहे हो," ती म्हणाली.

बरोबर आलेला सेल्सचा मुलगा आरशाकडे हात करून म्हणाला, "नाही मॅडम, स्पेशियस आहे, तुम्ही बघा ना..." आणि मग स्वतःच ओशाळला.

तिनं सगळ्या खोल्यांतून हात फिरवला. भिंतींच्या खालच्या भागाला, पायाच्या घोट्याशी, तळवा टेकवला. ओल असली तर तिथे आधी कळते, हे मलाही माहीत होतं, पण मी नेहमी डाग शोधायचे. नळ सोडून पाण्याचा जोर ऐकला. मग म्हणाली, "आता जरा कोणी बोलू नका." आम्ही गप्प उभे राहिलो. एवढ्या मोठ्या संकुलात काहीही ऐकू येत नव्हतं. नुसता लिफ्टचा आवाज.

खाली आल्यावर ती म्हणाली, "इथे मी हरवेन. सगळे रस्ते सारखे, दुकान नाही, देऊळ नाही, कोणी हाक मारत नाही. मला वळण कशावरून कळणार?"

पुढचं घर आम्ही टिटवाळ्याला बघितलं. स्वस्त होतं, मोठं होतं. पण स्टेशनकडून येताना एक रस्ता ओलांडावा लागत होता आणि त्यावरून डंपर जात होते. ती थोडा वेळ रस्त्याच्या कडेला उभी राहून ऐकत होती. "रोज हे जमणार नाही," ती म्हणाली. मला वाटलं मिलिंदला वाईट वाटेल. त्यानं सुटल्यासारखा श्वास सोडला.

त्याच आठवड्यात तो एकटाच माझ्या ऑफिसात आला. चहा मागवला, पण त्यानं कपाला हात लावला नाही.

"काकू, एक विनंती आहे. तिला घरं दाखवत राहा. पण अशीच दाखवा. तिला न आवडणारी. चार-सहा महिने गेले की तिचं तीच म्हणेल, नको."

"का रे? तिनं घर घेऊ नये असं वाटतं?"

"घेऊ दे की. घेऊन भाड्यानं दे म्हटलं मी. पण एकटीनं राहायचं म्हणते ती. काही झालं तर? आई गेली तेव्हा माझ्या हातात हिचा हात देऊन गेली." तो खाली बघत होता. "रोज सकाळी मी तिला कल्याण स्टेशनवर सोडतो. संध्याकाळी आणायला जातो. बायको म्हणते, तुझं घड्याळ म्हणजे वृंदा. ती गेल्यावर मी काय करायचं, तेच मला कळत नाही."

खरं सांगते, मला त्याचा राग आला नाही. इतका प्रेमळ माणूस माझ्या ऑफिसात क्वचितच बसला असेल. पण त्यानं सांगितलेलं काम मला करता येण्यासारखं नव्हतं.

"मिलिंद," मी म्हटलं, "तिनं मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तुम्ही माझ्याशी बोलाल की दादाशी. मी शब्द देऊन बसलेय. तू आत्ता जे बोललास ते तू तिला सांग. नाहीतर मला सांगावं लागेल."

तो उठला आणि गेला. चहा तसाच राहिला. मला वाटलं, गिऱ्हाईक गेलं. त्याचं एवढं वाटलं नाही. ती मुलगी आता दुसऱ्या कुठल्या एजंटला डावीकडे काय म्हणून विचारत बसेल, याचं वाटलं.

बऱ्याच दिवसांनी तिचा फोन आला.

"काकू, दादानं सांगितलं मला." मॅडमची मी काकू कधी झाले ते माझ्या लक्षातच आलं नाही. "आम्ही दोघं बरेच दिवस बोलत नव्हतो. वहिनीनं मध्ये पडून बोलायला लावलं."

"रागावलीस त्याच्यावर?"

"खूप. मग विचार केला, तो मला सोडायला येतो ना रोज, त्यामुळे त्याला मी चालताना कधी दिसलेच नाही. दिसतो तो मला धरलेला त्याचा स्वतःचा हात. बँकेत मी दिवसभर एकटी फिरते, ते त्यानं कुठे बघितलंय?" जरा थांबून ती म्हणाली, "काकू, घरी सगळे माझ्याशी चांगले आहेत. पण भाचा खेळताना खुर्ची हलवतो आणि मी त्यावर आपटते. त्याला रागावता येत नाही मला, कारण घर त्याचं आहे. मला असं घर हवंय, जिथे मी हलवल्याशिवाय खुर्ची हलणार नाही."

मग मी मनावर घेतलं. इतकी वर्षं मी घरं गिऱ्हाइकाच्या बजेटवरून शोधायचे. या वेळी स्टेशनपासून चालत सुटले. पूर्वेच्या गल्ल्यांमधून डोळे मिटून चालून बघायचे, म्हणजे किलकिले ठेवून. पूर्ण मिटले तेव्हा एका भाजीवालीच्या टोपलीत पाय गेला आणि तिनं माझा उद्धार केला. कुठल्या गल्लीत गटारावरची झाकणं शाबूत आहेत, कुठल्या वळणावर गिरणीचा वास येतो, कुठे फुलवाली बसते, कुठे इस्त्रीवाल्याचा रेडिओ चालू असतो, हे सगळं बघत सुटले. त्या वाटेवर मला करमरकर आजी-आजोबांचं घर सापडलं. तीन मजली जुनी बिल्डिंग, पहिला मजला. दोघं नाशिकला मुलीकडे राहायला निघाली होती.

वृंदाला घेऊन गेले. मिलिंदही आला, पण या वेळी तो जिन्यात काही बोलला नाही. हाताची मूठ तेवढी वळलेली होती.

तिनं टाळी वाजवली. भिंती चाचपल्या. नळ सोडले. मग "गप्प राहा" म्हणाली. खालून इस्त्रीवाल्याचा रेडिओ ऐकू येत होता. वरच्या मजल्यावर कोणीतरी खलबत्त्यात कुटत होतं. शेजारच्या घरात एक बाई फोनवर कोणाला तरी गव्हल्यांची खीर कशी करायची ते ओरडून सांगत होती.

"इथे माणसं आहेत," वृंदा म्हणाली.

मला तिचा चेहरा बघून आनंद झाला, पण माझं काम अजून संपलं नव्हतं. "आता तुला न कळणाऱ्या गोष्टी सांगते," मी म्हटलं. "स्वयंपाकघरात अंधार आहे. खिडकीसमोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत आहे."

"मला चालेल."

"तुला चालेल. पण ऊन येत नाही म्हणजे डबे ओलसर राहणार, पिठाला जाळी धरणार. हॉलच्या लाद्या दोन रंगांच्या आहेत, मध्ये बदललेल्या. दिसायला वाईट. उद्या विकायचं झालं तर गिऱ्हाईक नाक मुरडेल. किंमत ठरवताना हे धरायला हवं."

ती समजून हसली. "म्हणूनच तुम्हाला घेतलं मी."

व्यवहार ठरला. करमरकर आजींना ती फार आवडली. आजोबांनी तर टोकनबरोबर तिनं दिलेला नारळही ठेवून घेतला. आणि मग सोसायटीनं अडवलं.

चेअरमन नाईक म्हणून होते. माणूस वाईट नव्हता. पाण्याची टाकी स्वतः उभं राहून धुवून घेणारा, जबाबदारीनं हैराण झालेला गृहस्थ. ते मला म्हणाले, "वहिनी, मुलगी चांगली आहे. पण एकटी राहणार. गॅस आहे, वीज आहे. उद्या काही झालं तर सगळ्या बिल्डिंगला धोका. कमिटीला पटत नाहीये."

कायद्यानं अशा कारणासाठी कोणाला अडवता येत नाही. हे मला माहीत होतं आणि नाईकांनाही. मी वृंदाला तसं सांगितलं आणि हेही सांगितलं, "वकिलाची नोटीस पाठवली तर घर मिळेल. पण त्या जिन्यात तुला रोज चढायचं-उतरायचं आहे. भांडून आत शिरलीस तर कोणी हाक मारणार नाही." मग मी माझ्या मते फार हुशारीचं सुचवलं. "आपण कमिटीला त्याच घरी बोलावू. तू सगळ्यांसाठी चहा-पोहे कर. बघतील तर खात्री पटेल."

"नाही काकू," ती म्हणाली. आवाज शांत होता पण धार होती. "मी परीक्षा देणार नाही. आजवर त्या बिल्डिंगमध्ये घर घेणाऱ्या कुणाला त्यांनी पोहे करायला लावलेत का? मी येईन, बसेन, बोलेन. पोहे आजींनी केले तर खाईन."

रविवारी सकाळी करमरकरांच्या हॉलमध्ये बैठक झाली. पोहे आजींनीच केले. नाईक, कमिटीचे आणखी दोघं, तिसऱ्या मजल्यावरच्या देसाईबाई, मी, वृंदा आणि मिलिंद. मला खरी भीती मिलिंदची होती. नाईक जे बोलत होते ते शब्दन् शब्द त्याच्याच मनातलं होतं. त्यानं नुसती मान डोलावली असती तरी सगळं संपलं असतं.

नाईकांनी गॅसचं काढलं. वृंदा म्हणाली, "काका, तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?"

"म्हणजे, गॅस चालू राहिला, लक्षात आलं नाही..."

"वासानं येतं. तुमच्याही ते वासानंच येतं ना? गॅस दिसतो का कोणाला?"

नाईक मिलिंदकडे वळले. "तुम्ही सांगा साहेब. तुम्ही भाऊ आहात. तुम्हाला काळजी वाटत नाही?"

"वाटते," मिलिंद म्हणाला. "फार वाटते."

वृंदाची बोटं काठीवर आवळली गेली.

"मी हिला अडवायचाच प्रयत्न करत होतो," तो म्हणाला. "या काकूंना विचारा. पण आता तुम्ही गॅसचं विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या घरी गॅस बंद आहे की नाही हे तीच तपासते. मी विसरतो, बायको विसरते. रोज झोपताना हीच ओट्याशी जाऊन नॉबला हात लावून बघते. ती गेल्यावर ते कोण बघणार, हे मला आत्ता तुमच्यासमोर बसल्यावर सुचतंय." त्यानं नाईकांकडे बघितलं. "तेव्हा धोका असलाच तर आमच्या बिल्डिंगला आहे. तुमच्या नाही."

देसाईबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"अहो नाईक," त्या म्हणाल्या, "गेल्या पावसाळ्यात दूध गॅसवर ठेवून मी भाजीला गेले होते. आठवतंय का? आख्ख्या बिल्डिंगला करपल्याचा वास. तुम्हीच दार फोडायला सुताराला बोलावलंत. मला दोन्ही डोळ्यांनी नीट दिसतं. मला काढायचा ठराव कधी मांडताय?"

करमरकर आजोबा पहिल्यांदा हसले, मग बाकीचे. नाईक स्वतःही हसले आणि हसताना जरा लाजले. जाताना ते वृंदाजवळ थांबले आणि म्हणाले, "पाणी सकाळी लवकर येतं बरं का. पहिल्या मजल्याला जोर चांगला असतो." ती त्यांची संमती होती.

नोंदणीच्या दिवशी आम्ही सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात बसलो होतो. वृंदाचा नंबर आला. टेबलामागच्या माणसानं तिच्याकडे बघितलं आणि मिलिंदला विचारलं, "यांना सही येते का?"

मिलिंद म्हणाला, "त्यांनाच विचारा."

इतकंच. पण ते ऐकून वृंदानं मान वळवून जिथून आवाज आला तिकडे चेहरा केला, आणि काही क्षण तशीच राहिली. मग तिनं पर्समधून सहीसाठी वापरायची छोटी पट्टी काढली, कागदावर टेकवली आणि ठसठशीत सही केली. पान उलटून पुढची, मग त्याच्या पुढची. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पदरानं पुसलं. ज्यांना दिसतं त्यांच्यापासून लपवावंच लागतं.

लोक म्हणतात, एजंटनं आम्हाला घर दिलं. माझा हिशोब उलटा आहे. वृंदानंतर मी घर बघायला गेले की आधी गप्प उभी राहायला शिकले. गिऱ्हाइकाला आवडेल ते सांगायच्या आधी, त्याच्या नजरेतून सुटेल ते सांगायला लागले. कधीकधी त्यानं सौदा मोडायचा. पण मोडलेल्या सौद्यातली माणसंच पुढे त्यांच्या बहिणींना, मित्रांना माझ्याकडे पाठवायची. आज कल्याणपासून ठाण्यापर्यंत कुठेही उतरले तरी एखादं दार असं आहे, जिथे मला चहा मिळेल. एका तळमजल्यावरच्या बाईला या शहरानं हे दिलं. जिनं डावीकडे काय आहे विचारलं तिनं दिलं, गाळा देणाऱ्या काकांनी दिलं, पोह्यांची बशी खाली ठेवणाऱ्या देसाईबाईंनी दिलं. त्यामुळे कोणी विचारलं की मी एवढंच सांगते: एजंटला घराचं कौतुक करायला लावू नका, वर्णन करायला लावा. आणि तो बोलताना तुमच्याकडे बघतोय की तुमच्यातल्या पैसेवाल्याकडे, तेवढं बघा.

मध्यंतरी वृंदाच्या डोक्यावरचा, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला निघाला. मला ते कळलं मिलिंदकडून.

"काकू, तो मला हवाय. सरप्राइज."

"अरे, घर काय सरप्राइज द्यायची वस्तू आहे? तिला आधी विचार."

त्यानं विचारलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा मी त्याची समजूत घालायच्या तयारीत होते. "नको म्हणाली," तो म्हणाला आणि चक्क हसला. "म्हणते, तू कल्याणलाच राहा दादा. तू तिथून येतोस तेव्हा तुझ्यासाठी काहीतरी करावंसं वाटतं."

परवा रविवारी मी तिच्याकडे गेले होते. ती थालीपीठं लावत होती, मी ओट्याला टेकून गप्पा मारत होते. बेल वाजली.

"दादा," ती म्हणाली.

"त्याच्याकडे किल्ली नाही का?"

"आहे. मीच दिलीय. वापरत नाही."

तिनं गॅस बारीक केला, हात धुतले, पुसले आणि दाराकडे निघाली. तिला काही घाई नव्हती. बेल पुन्हा वाजली नाही. दार उघडलं तेव्हा मिलिंद चपला काढून, हातात फुलांची पुडी घेऊन, बाहेर उभा होता. "ये" म्हटल्यावर तो आत आला.